इतर कारण असल्यास

डिचोलीत मामलेदार कचेरीच्या उतारावर
माझं टायपिंगचं दुकान. दीड खण.
सोमवारी आग्नेल आला अस्नोड्याहून,
जुन्या डब्याच्या पोटातलं सगळं नव्या मशीनमध्ये ओतलं,
घाम पुसला आणि म्हणाला,
“बाय, हो पयशे खावपी आतां कित्याक?
नव्या मशिनाक आपलो राखणदार आसा.
एका दारार दोगजाण नाकात.”

हो म्हणजे कोपऱ्यातली पिवळी ढाल.
दर वर्षी चवथीच्या आधी तिचे साडेआठशे मी बाजूला काढते.
माटोळीच्या यादीतच खाली लिहिलेलं असतं:
सुपारीचं शिपटं, कांगलां, आंबाडे, अँटीव्हायरस.

ती नव्हती तेव्हाची गोष्ट.
खाणी जोरात होत्या, की-बोर्डवर रोज तांबडी धूळ.
एका ट्रकवाल्याचा मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन आला,
बहिणीची लग्नपत्रिका होती त्यात.
मी लावला. संध्याकाळपर्यंत
प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याची सावली उरली,
उघडायला जावं तर सावलीचीही सावली.
त्यात गेली पुनो गावड्याची मुंडकाराची केस.
अकरा पानं, चार पिढ्या, एक घर, दोन माड.
रात्री साडेनऊपर्यंत तो बाकावर बसून
सगळं पुन्हा तोंडी सांगत राहिला,
मी टाइप करत राहिले.
पणजीचं नाव त्याला दुसऱ्यांदा आठवलं नाही.
त्या ओळीत अजून टिंबं आहेत.

म्हणून ढाल आली, म्हापशाच्या वासू मोरजकराकडून.
खोका, सीडी, नाण्यानं खरवडायचा नंबर.
तिनं मशीन सुस्त केलं,
दाखल्याच्या ऐन शेवटच्या दिवशी मध्ये तोंड घातलं,
अभिनंदन म्हणत आणखी काहीबाही विकायला बघितलं.
सगळं खरं.
पण महिनाअखेर हिशेब द्यायची:
पेन ड्राइव्ह तपासले एकशे बारा, अडवले सात.

आमच्या गावात राखणदाराला
रोट देतात, विडी देतात,
आणि चामड्याच्या नव्या वहाणा.
जुन्या उलट्या करून बघतात.
टाच झिजलेली दिसली की म्हातारे मान हलवतात,
फिरला म्हणायचा.
एकशे बारा आणि सात.
मला तेवढं पुरायचं.

नवा काहीच मागत नाही.
त्याचे पैसे म्हणे किमतीतच धरलेत,
म्हणजे कधी दिले ते मला कळलंसुद्धा नाही.

दोन दिवस दोघांना ठेवून बघितलं.
जुन्याला बघताच नवा अंग चोरून झोपला,
वडीलधाऱ्याचा मान ठेवल्यासारखा.
बरं वाटलं.
पण जुन्याला या घराच्या वाटाच ठाऊक नव्हत्या.
त्यानं माझा प्रिंटरच चोर म्हणून धरला,
आणि उत्पन्नाच्या दाखल्याला आलेली बाई
चार मिनिटं थांबून म्हणाली,
राहू दे गो, वरच्या दुकानात जाते.

गुरुवारी शटर अर्धं ओढून मी ते बटण दाबलं.
मशीननं विचारलं, जाण्याचं कारण?
महाग. संथ. दुसरा मिळाला. इतर.
‘दुसरा मिळाला’वर बाण नेला
आणि उगाच रस्त्याकडे बघितलं, कोणी बघत नाही ना.
मग इतरच्या चौकटीत लिहिलं:
तक्रार नाही. घर बदललं.
माझ्या मराठीचे त्यानं रिकामे चौकोन केले
आणि आभार मानले.

आज सकाळी वकिलांचा कारकून आला, पेन ड्राइव्ह हातात.
लावला.
पूर्वी टुंग वाजायचं.
आता काही नाही. फाइल उघडली, छापली,
सतरा पानं, तीस रुपये सुटे दे म्हटलं.
तो गेल्यावर
मी मशीन हळूच उचलून आडवं केलं
आणि खालून बघितलं.
रबराचे चार पाय,
नवे कोरे.